गोळी कुठं सुटते ते ओळखा

भाच्या, तुझा रिपोर्ट बघितला. शुगरची तीन महिन्यांची सरासरी 8.9 आलीय. घाबरून जाऊ नकोस आणि हलक्यातही घेऊ नकोस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 सालच्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे. या दहा कोटींतले कितीतरी लोक नातवंडांची लग्नं बघतात, शेत करतात, दुकान चालवतात. काहींचे डोळे आणि पाय मात्र साठीच्या आतच जातात. या दोघांतला फरक बऱ्याचदा रोजच्या गोळीत असतो.

औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभं राहून माझं आयुष्य गेलं. डोस किती घ्यायचा ते मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण एक गोष्ट त्या काउंटरवरूनच दिसते. ‘आजपासून शुगरची गोळी बंद’ असं ठरवून सोडणारा माणूस क्वचित. गोळी सुटते ती ठराविक ठिकाणी. पाकीट संपतं आणि दुकानाकडं जाणं होत नाही. रिपोर्ट चांगला येतो. नवरात्र येतं. लग्नाला परगावी जावं लागतं. पुराचं पाणी येतं. एक दिवस चुकतो, त्याचा आठवडा होतो आणि आठवड्याचं वर्ष कधी झालं ते माणसाला कळतही नाही. म्हणून मन घट्ट करण्याच्या गप्पा मी करत नाही. गोळी कुठं सुटते ती ठिकाणं आधीच ओळखून ठेव, आणि प्रत्येक ठिकाणी काय करायचं ते आजच ठरव. सूनबाई, तूही ऐक, कारण यातलं निम्मं घरानं मिळून करायचं असतं.

बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही

दाढ दुखली की गोळी कुणी विसरत नाही. शुगर दुखत नाही, हीच तिची अडचण. दोनशे-अडीचशे शुगर असलेला माणूस मोटरसायकलवरून आरामात गारगोटीला जाऊन येतो. त्याला काहीच जाणवत नाही, पण डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून खराब होत असतात.

ब्रिटनमध्ये 1977 साली मधुमेहाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. नव्यानं शुगर निघालेले पाच हजारांवर लोक त्यात होते. 1998 साली निष्कर्ष आले. ज्यांची शुगर औषधांनी नीट आटोक्यात ठेवली होती, त्यांच्यात बाकीच्या गटापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचे आजार चौथ्या हिश्शानं कमी झाले. पुढची दहा वर्षंही या लोकांवर लक्ष ठेवलं. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची शुगर वर्षभरात सारखी झाली होती, तरी सुरुवातीला काळजी घेतलेल्यांचा फायदा टिकून राहिला. तू आता त्याच सुरुवातीच्या वर्षांत आहेस. आज घेतलेली गोळी तुला दहा-पंधरा वर्षांनी उपयोगी पडणार आहे.

तीन महिन्यांनी रिपोर्ट 6.8 आला तर आनंद कर, पण गोळी चालू ठेव. तो आकडा गोळी, जेवण आणि चालणं या तिन्हींनी मिळून आणलेला असतो. वजन उतरलं, शुगर सलग चांगली राहिली, तर डॉक्टर स्वतःच गोळी कमी करतात. काहींची बंदही होते. ते तपासून, बघत बघत होतं. परस्पर करायची गोष्ट नव्हे.

गोळी रोजच्या कामाला बांध

‘लक्षात ठेवीन’ असं म्हणणाऱ्याची गोळी हमखास चुकते. म्हणून जे काम तू रोज न चुकता करतोस, त्याला गोळी जोड. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण या दोन वेळा तुझ्या घरात ठरलेल्या आहेत. गोळ्यांचा डबा जेवायच्या जागेजवळ, डोळ्यांना दिसेल असा ठेव. देवघरामागच्या फडताळात गेलेली गोळी विसरलीच म्हणून समज. घरात लहान पोर आहे, तेव्हा डबा त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर असू दे. ओलावा आणि ऊनही नको.

सात वारांचे कप्पे असलेली डबी मिळते, ती आण. रविवारी रात्री सूनबाईनं आणि तू बसून आठवड्याच्या गोळ्या भरा. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतली, भरलेला असेल तर राहिली. ‘घेतली का?’ ‘घेतली वाटतं’ हा वाद तिथंच मिटतो.

जेवणाआधी की नंतर, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून घे. मेटफॉर्मिन सहसा जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घेतात, म्हणजे मळमळ आणि जुलाबाचा त्रास कमी होतो. हा त्रास पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि बहुतेकांचा पुढं जातो. पण नेमक्या याच आठवड्यांत लोक गोळी सोडतात. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन कर. ते डोस हळूहळू वाढवतात किंवा सावकाश विरघळणारी गोळी देतात. ज्या गोळीवर ‘एसआर’ लिहिलेलं असतं, ती चावायची नाही, कुटायची नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळच्या खाण्याच्या अगदी आधी किंवा खाण्याबरोबर देतात. ती घेऊन ‘जरा काम उरकून मग खातो’ म्हणालास तर शुगर धाडकन खाली येईल. ताट समोर आल्याशिवाय ती गोळी हातात घ्यायची नाही.

सकाळची गोळी चुकली आणि रात्री आठवली, तर दोन एकदम घेऊ नकोस. चुकली ती चुकली, पुढची वेळेवर घे.

पाकीट संपायच्या आठ दिवस आधी दुकानात जा

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्या मालकांची एक शिस्त होती. शुगर-बीपीचं औषध नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गोळ्या कधी संपणार ती तारीख पाकिटावर लिहून द्यायची. मी ती शेवटपर्यंत पाळली. तू स्वतःच कॅलेंडरवर खूण कर. संपायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी.

आता काउंटरवरची गंमत नव्हे, घोळ सांगतो. माणूस येतो, खिशातून स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढतो आणि म्हणतो, ‘हीच द्या.’ त्या तुकड्यावर नाव अर्धं, मुदतीची तारीख नाही. किंवा म्हणतो, ‘ती पांढरी, लांबट.’ शुगरच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात. बऱ्याच गोळ्यांत दोन-दोन औषधं एकत्र असतात, आणि नावापुढचा 1, 2 हा आकडा, ‘फोर्ट’ हा शब्द किंवा ‘एसआर’ ही अक्षरं बदलली की डोस बदलतो. म्हणून तीन गोष्टी कर. चिठ्ठीचा फोटो तुझ्या आणि सूनबाईच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेव. स्ट्रिपमधल्या गोळ्या काढताना नाव आणि तारीख असलेली बाजू शेवटी राहू दे. आणि घरी गेल्यावर नवं पाकीट जुन्याशी जुळवून बघ.

दोन डॉक्टरांकडं जात असशील तर दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखव. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी घरात येतं आणि माणूस दोन्ही घेतो, हे मी पुष्कळदा पकडलंय.

पैशाची ओढाताण असेल तर ती लपवू नकोस. लोक एका दिवसाआड गोळी घेतात, पण महाग पडते असं डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगितलं तर मार्ग निघतो. 2008 साली सुरू झालेल्या योजनेतली जनऔषधी केंद्रं आता ठिकठिकाणी आहेत. तिथं तेच औषध मूळ नावानं, बरंच स्वस्तात मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही तिशीपुढच्या माणसांची शुगर आणि बीपी तपासतात, आणि मेटफॉर्मिनसारखी नेहमीची औषधं देतात. तिथं रांगेत उभं राहण्यात काहीही कमीपणा नाही.

शुगर खाली गेली तर आधी साखर, मग चौकशी

हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, पोटात खड्डा पडतो, माणूस उगाच चिडतो किंवा गोंधळल्यासारखा बोलतो. शुगर मोजायचं मशीन जवळ असेल तर बघा. सत्तरच्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. मशीन नसेल तर वाट बघू नका, साखर द्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, गरज पडली तर परत द्या. नंतर भाकरी, भात असं काहीतरी पोटात जाऊ दे. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी उशिरा लागू होतं, कारण त्यातलं तूप-चरबी साखरेला अडवून धरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

तुझ्या खिशात कायम साखरेची छोटी पुडी असू दे. आणि एकदा असं झालं म्हणून गोळीवर राग धरू नकोस. कधी, काय खाल्ल्यावर, कोणत्या गोळीनंतर झालं ते वहीत लिही आणि डॉक्टरांना दाखव. भीतीपोटी गुपचूप गोळी सोडलेली माणसं नंतर जास्त बिघडलेल्या अवस्थेत परत आलेली मी पाहिलीत.

गुळाच्या गावात राहून गुळाला फसायचं नाही

आपला कोल्हापुरी गूळ आपल्याला प्यारा, आणि असायलाच हवा. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ‘साखर वाईट, गूळ चालतो’ हे शुगरच्या माणसासाठी खरं नाही. गुळात बहुतांश साखरच असते आणि त्यानं रक्तातली शुगर साखरेसारखीच वाढते. गुऱ्हाळावरची गरम काकवी, उसाचा रस, चहात ‘फक्त गूळ’ हे सगळं त्याच हिशेबात धर. सणाला एखादी पुरणपोळी खायची असेल तर त्या जेवणातला भात आणि चपाती कमी कर. तांबडा-पांढरा रस्सा पी, मटण बेतानं खा, भाकरीवर हात आवर. मिसळ खाल्लीस तर पाव एकच. हे सगळं डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं बसवून घे. गोळी मात्र त्या दिवशीही चालूच. पुरणपोळी खाल्ली म्हणून मनानंच दोन गोळ्या घेणं हा वेडेपणा आहे.

‘मुळासकट घालवतो’ म्हणणारी पावडर कुणी आणून दिली तर तिच्यात काय आहे ते पाकिटावर स्पष्ट लिहिलंय का ते बघ आणि डॉक्टरांना विचार. कारल्याचा रस, मेथ्या आवडत असतील तर घे, पण गोळीच्या जागी नको, आणि रोज घेत असशील तर डॉक्टरांच्या कानावर घाल.

उपवासाचं आधी ठरव, घटस्थापनेच्या दिवशी नव्हे

नवरात्रात अंबाबाईसाठी आपल्याकडं नऊ दिवस उपवास करणारे घरोघरी आहेत. रमजानचे रोजे धरणारे शेजारीही मधुमेहाचे असतात. दोघांनाही माझं सांगणं एकच. पंधरा-वीस दिवस आधी डॉक्टरांना भेटायचं. दिवसभर पोट रिकामं आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू, म्हणजे शुगर खाली जायला निमंत्रण. दुसरीकडं साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, म्हणजे संध्याकाळी शुगर वर. नावात ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी चालू असेल तर कडक उपवासात आणि उलटी-जुलाबात ती धोक्याची ठरू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. कोणत्या गोळ्या पुढं-मागं करायच्या, कोणाला उपवास झेपेल आणि कोणाला नाही, हे तेच सांगतील. तब्येतीसाठी उपवास सोडणाऱ्यावर देवी रागावत नाही, हे तुझ्या आजीनं मला सांगितलं होतं आणि मी ते पुढं सांगत आलोय.

पायांकडं रोज बघायचं

बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाची जाणीव मंदावते. मग खडा रुततो, चप्पल चावते, फोड येतो आणि कळतच नाही. कोल्हापुरी चप्पल हा आपला अभिमान. तिलाही 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण नवी कोल्हापुरी किती चावते हे आपल्याला माहीत आहे. अंगठ्यापाशी आणि वरच्या पट्ट्याखाली कातडी सोलवटते. तुझ्या पायाची जाणीव डॉक्टरांकडून तपासून घे. जाणीव चांगली असेल तर तेल लावून मऊ केलेली चप्पल थोडा वेळ वापर. कमी झाली असेल तर कोल्हापुरी कपाटात ठेव आणि मऊ तळाची, मागं पट्टा असलेली पादत्राणं घे.

नवरात्रात अनवाणी राहण्याचा नवस करू नकोस. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून तळपाय भाजून घेतलेली शुगरची माणसं मलमासाठी दुकानात यायची, आणि मी त्यांना मलम न देता दवाखान्यात पाठवायचो. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा आरशात बघ. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघ. कुरूप घरी ब्लेडनं कापायचं नाही. जखम दोन दिवसांत कोरडी पडली नाही तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं जा.

इन्सुलिन आलं तर तोंड पाडायचं नाही

तुला आज इन्सुलिन नाही. उद्या लागलं तर ‘शेवटची पायरी आली’ असं समजू नकोस. 1922 साली टोरांटोत पहिल्यांदा एका पोराला इन्सुलिन दिलं, त्याआधी लहान वयातला मधुमेह म्हणजे मरणच होतं. ते जीव वाचवणारं औषध आहे.

त्यातली एक खबरदारी मात्र पाठ कर. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा 40 युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज 100 युनिटसाठी असते. बाटली एकाची आणि सिरिंज दुसऱ्याची वापरली तर डोस अडीचपट चुकतो. घेताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्यानं वाच.

न उघडलेली बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर साधारण चार आठवडे चालतं. फ्रीज नसेल तर मातीचा ओलसर माठ, त्यात कोरड्या डब्यात बंद केलेली बाटली, आणि माठ सावलीत. टोचायची जागा रोज थोडी सरकवायची, नाहीतर तिथं गाठ होते आणि औषध नीट लागत नाही.

पावसाळ्याआधी औषधांची पिशवी तयार ठेव

हे कोल्हापूरकरांनी विसरायचं नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आणि परत जुलै 2021 मध्ये पंचगंगेला पूर आला, शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली. नेसूचं लुगडं मिळालं, जेवण मिळालं, पण ‘माझी गोळी कोणती’ हे अनेकांना सांगता येत नव्हतं. चिठ्ठी घरात, घर पाण्यात.

म्हणून जून लागला की एक जाड प्लास्टिकची झिपची पिशवी कर. तिच्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, शुगर मोजायचं मशीन आणि पट्ट्या, साखरेची पुडी. इन्सुलिन असेल तर ते कुठून उचलायचं हे घरातल्या पोरालाही माहीत असू दे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की पिशवी दाराशी ठेवायची. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. दर दोन महिन्यांनी त्यातल्या गोळ्या वापरून नव्या भरत जा, म्हणजे मुदत संपणार नाही.

वर्षाचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, दर तीन ते सहा महिन्यांनी. किती ठेवायची ते वय आणि तब्येत बघून डॉक्टर ठरवतात. पुष्कळांसाठी ती 7 च्या आसपास असते. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायाची तपासणी. बीपी प्रत्येक भेटीत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 बघायला सांग, कारण ते कमी पडू शकतं आणि हातापायांना मुंग्या त्यानंही येतात. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर तीही शुगरच्या गोळीइतकीच महत्त्वाची. मधुमेहात जीवाला मोठा धोका हृदयाचा असतो.

घरच्यांनी फौजदार व्हायचं नाही

सूनबाई, हे तुझ्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 साली नोंदवलंय की श्रीमंत देशांतही जुनाट आजाराची औषधं साधारण निम्मेच लोक नीट घेतात. तेव्हा हा चुकला तर तो बेजबाबदार आहे असं समजू नकोस. आरडाओरडा केला की माणूस खोटं बोलायला लागतो, आणि डॉक्टर त्या खोट्यावर गोळी वाढवतात. शांतपणे विचार, ‘या आठवड्यात किती राहिल्या, आणि कशामुळं?’ उत्तर खरं येऊ दे. शिफ्ट बदलली असेल तर वेळ बदलून घ्या. कंटाळा आला असेल तर एकत्र घेता येईल अशी गोळी आहे का ते विचारा. त्याच्याबरोबर संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारायला जा. घरात एकासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं शिजवू नका, सगळ्यांनीच थोडं आवरा.

भाच्या, आज रात्री झोपायच्या आधी एवढं करून टाक. चिठ्ठीचा फोटो काढ. गोळ्या मोजून कॅलेंडरवर तारखेला खूण कर. खिशात साखरेची पुडी टाक. आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांनी ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असं विचारलं तर राहिलेल्या गोळ्यांचा खरा आकडा सांग. तो सांगितलास तर त्यांना तुझं औषध नीट बसवता येईल.